निस्तं बघणं
खळ लावलेल्या सुताचा वास आला की टेमघरचा तो कापडाचा कारखाना आठवतो; तिथल्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं. लाईट गेली आणि लूम, म्हणजे यंत्रमाग, गप्प झाले की मालक बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर वारलेल्या भावानं काढलेली कापडाची डिझाइनं बघत बसायचे. त्याच वेळी, बॅटरी संपून कॉम्प्युटरची डिस्क बिघडू नये म्हणून, तिच्यावरचं माहितीचं लिखाण आपोआप बंद व्हायचं. एकदा एक नोंद अर्धीच लिहून झालेली असताना ते बंद झालं आणि सगळी डिझाइनं गेली. चालू लिखाण पुरं झाल्यावरच डिस्क बंद व्हावी अशी दुरुस्ती मी केली, पण गेलेलं परत आलं नाही. “मी कुठं काय लिवत व्हतो? निस्ता बघत व्हतो,” लिखाण मधेच तुटल्याचं सांगितल्यावर मालक म्हणाले. फाईल नुसती उघडली तरी तेवढी नोंद डिस्कवर लिहिली जाते, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. आजही लाईट जात असेल, आणि ती रिकामी डिस्क अगदी व्यवस्थित बंद होत असेल.