इंदरचंद शेठ कुठं कुठं गेले

कस्तुरबाईला माणूस कधी जाणार ते आधी कळतं, अशी जुन्नरच्या आमच्या आळीत बोलवा होती. दूधवाला ती दबक्या आवाजात सांगायचा. "म्हातारी काय करती, नुसतं इचारती, किती दिवसांसाठी पायजे? आपुन म्हनायचं, दोन महिनं. त्यावर तिनं 'बरं' म्हनलं की संपलं राव. दोन महिन्यात खाट परत." आणि 'परत' म्हणताना तो मान एका खांद्यावर टाकून डोळे मिटायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला आणखी काही विचारायला नको.

तर हे साफ खोटं. कस्तुरबाई आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला द्यायची. डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या खाटा, वॉकर, पाण्याच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या. खाटा थोड्या आणि मागणारे जास्त, म्हणून ती दिवस विचारायची. पुढचं तिला काहीच कळत नसे. कोण उठून बसलं आणि कोण गेलं, हे सगळ्या तालुक्यात तिलाच शेवटी समजायचं. बरा झालेला माणूस वस्तू द्यायला स्वतः येतच नसे. ज्या वॉकरला धरून आपण रडत रडत पाय टाकला त्याचं तोंड परत कशाला बघा, म्हणून तो वॉकर एसटीच्या टपावर टाकायचा आणि कंडक्टरला सांगायचा, जुन्नरला कस्तुरबाईकडं पोचता कर. कुणी पाठवला ते जुन्नर येईतो कंडक्टर विसरलेला असायचा. दारापर्यंत यायची ती फक्त गेलेल्यांची माणसं. तिला तेवढीच दिसायची आणि आळीलाही तेवढीच.

रस्त्याला लागून असलेल्या ज्या खोलीत या वस्तू होत्या तिथं पूर्वी तिच्या नवऱ्याचं, इंदरचंद शेठचं, कापडाचं दुकान होतं. शेठ सकाळी गादीवर बसले की जेवायलाच उठत. "जुन्नर बी पुरतं बघितलं न्हाई ह्यांनी," कस्तुरबाई सांगायची. "शिवनेरी खिडकीतून दिसती की, म्हणायचे. चढायची कशाला?" त्यांना अर्धांगवायू झाला, काही वर्षं ते अंथरुणावर होते आणि शहाण्णव साली गेले. मागं खाट उरली, वॉकर, खुर्ची आणि गादी उरली. शेजारच्या एकाची आई पडली, त्यानं खाट मागितली, हिनं दिली. तिथून सुरुवात.

पुढं तिच्या जैन समाजातल्या लोकांनी आणखी वस्तू आणून दिल्या. आता आपल्याकडं दिलेली वस्तू बिननावाची राहत नाही. ताट असो, समई असो, देवळातला पंखा असो, त्यावर नाव घालतात. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर सावळेराम त्याचं थरथरणारं मशीन घेऊन बसायचा. कस्तुरबाई वस्तू देणाऱ्याला विचारायची, कुणाचं नाव घालू? देणारा क्षणभर आपल्या कैलासवासी वडिलांना कमोडच्या खुर्चीवर बघायचा आणि घाईनं म्हणायचा, "शेठचंच घाला, काकी." त्यामुळं सगळ्या वस्तूंवर एकच ओळ झाली. कै. इंदरचंद धनराज यांचे स्मरणार्थ. सावळेरामला ती न बघता घालता यायची.

वस्तू न्यायला आलेलं माणूस कधी टेकत नसे. सुरुवातीला कस्तुरबाई चहा ठेवायची. "नगं, नगं, टेम्पो हुबा हाय," म्हणत माणूस उंबऱ्यातूनच हात पुढं करायचा. निघताना कुणी 'येतो' म्हणायचं नाही. एरवी वैऱ्याच्या घरातून निघतानाही म्हणतात, पण इथं परत यायची इच्छा कोण बोलून दाखवणार? खाट उचलायची आणि मुकाट चालू लागायचं. कस्तुरबाईही 'या' म्हणायची नाही. तिनं 'या' म्हटलं असतं तर दूधवाल्याला वर्षभर पुरलं असतं.

मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा प्रितम पुण्याहून आला. तो तिकडं एका कंपनीत होता. त्यानं खोलीत उभं राहून चारी भिंती बघितल्या. आईला तो बाईच म्हणायचा.

"बाई, किती दिवस चालायचं हे? तू पडलीस-झडलीस तर इथं बघायला कोण आहे? दिवाळीनंतर माझ्याकडं चल. खोली मोबाईलवाला मागतोय, त्याला देऊ."

"आणि ह्या वस्तू?"

"देऊन टाकू कुठल्यातरी दवाखान्याला."

कस्तुरबाई फडकं घेऊन वॉकर पुसायला लागली. ते बघून प्रितमलाच वाईट वाटलं असावं. जाताना तो म्हणाला, "आमच्या कंपनीचे जुने कॉम्प्युटर एक संस्था घेऊन जाते. लहान लहान संस्थांना वाटते, मदत पण करते. त्यांना तुझं नाव देतो. त्यांनी जबाबदारी घेतली तर खोली राहू दे. नाहीतर दिवाळी."

आठवड्याभरात त्या संस्थेच्या अक्षदा मॅडम जीपमधून आल्या. सोबत खोक्यात कॉम्प्युटर, एक माइक आणि फोटो काढायचा छोटा डिजिटल कॅमेरा. मॅडमची भाषा अशी, की मराठी वाक्य सुरू व्हायचं आणि इंग्रजीत जाऊन थांबायचं.

"काकू, तुमचं काम ग्रेट आहे, पण लोकांना माहीतच नाही, राइट? पाच मिनिटांची गोष्ट बनवायची. फोटो आणि तुमचा आवाज. सीडी करून आम्ही कंपन्यांना दाखवतो. त्यातून सपोर्ट येतो. तर तुमची स्टोरी काय आहे?"

"माझी कसली स्टोरी? न्या, वापरा, आणून द्या."

"नाही नाही, बरा झालेला माणूस हवा. त्याचा फोटो, त्याचे शब्द. आधी झोपून होता, आता चालतोय, असं."

कस्तुरबाईनं मान हलवली. मॅडम दोन दिवस राहून सगळं शिकवून गेल्या. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबायचं, थांबायचं, मग पुरतं दाबायचं. कॉम्प्युटरवर फोटो ओळीनं लावायचे. कस्तुरबाईनं ते पापडाची ओळ लावावी तसं शिकून घेतलं. आणि मॅडम गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर सावळेरामला बोलावलं. एवढी महागाची वस्तू दिलेली, देणाऱ्याचं नाव नको? चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहून दिलं. सावळेरामनं कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या अंगावर मशीन लावलं आणि सवयीच्या हातानं त्या चालत्या-बोलत्या कंपनीच्या नावामागं 'कै.' घातलं, पुढं 'यांचे स्मरणार्थ'. पुढच्या खेपेला मॅडमनी ते वाचलं. "काकू, ही कंपनी जिवंत आहे," एवढंच म्हणाल्या आणि कॉम्प्युटर भिंतीकडं फिरवून ठेवला.

पण खरी अडचण वेगळीच होती. बरा झालेला माणूस आणायचा कुठून? कस्तुरबाई रात्रंदिवस आठवत बसली. ज्यांची वस्तू परत आली नाही त्यांच्याकडं कुणीतरी अजून असणार, एवढाच हिशेब. मग वयाच्या पासष्टाव्या वर्षी ती पिशवीत कॅमेरा टाकून एसटीनं निघाली.

पहिलं गाव आणे. आळेफाट्याला गाडी बदलून, घाट चढून, पठारावर. तिथल्या बहिरूनं वडिलांसाठी खाट नेली होती. बहिरूनं तिला लांबूनच येताना बघितलं आणि दारात आडवा उभा राहिला.

"आवं कस्तुरबाई, तुमी कशापायी आला? आमी काय सांगावा धाडला व्हता का? म्हातारा जित्ता हाय."

"चांगलंय की. त्यांनाच भेटायचं होतं. एक फोटू काढते."

बहिरू काही बोलायच्या आत मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. "फोटू? म्हंजी हार घालायचा फोटू? हिला कुनी सांगितलं?"

"तसा न्हाई गं," कस्तुरबाई म्हणाली. "असाच फोटू."

"असा म्हंजी कसा? आमच्यात म्हाताऱ्या मानसाचा फोटू एकदाच काढत्यात." आणि दार लागलं. आतून म्हातारा विचारत होता, "कोन आलंय रं?" "कोन न्हाई आबा, पावणं चुकलं," बहिरू सांगत होता. कस्तुरबाई थोडा वेळ अंगणात उभी राहिली. बाजूच्या खिडकीतून खाटेचा पायथा दिसत होता. तिनं बटण अर्धं दाबलं, थांबली, पुरतं दाबलं आणि एसटी थांब्याकडं चालू लागली.

घोडेगावात एका निवृत्त मास्तरांच्या सुनेनं तिला आत घेतलं नाही, पण खुर्ची अंगणात आणून ठेवली. "हिचा घ्या फोटो, दादांचा नको. दादा चिडतात." कस्तुरबाईनं खुर्चीचा घेतला.

खोडदला साळुबाई भेटली. खुब्याचं हाड मोडून वर्षभर वॉकरवर होती, आता शेतात जाते. मागं तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या थोराड तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या, आणि पुढं अंगणात वॉकरच्या दांड्यांवर पातळं वाळत घातलेली. साळुबाई मोकळेपणानं हसली, भाकरी खाऊन जा म्हणाली. सूर्य कलला होता. कस्तुरबाई दिवस मावळल्यावर खात नाही, म्हणून ती लगेच जेवायला बसली. कुणाच्या घरी जेवून तिला किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. ती हळूहळू चावत राहिली.

"वॉकर न्यायला आला जनू?" साळुबाईनं विचारलं.

"न्हाई. तुझा फोटू पायजे. चालताना. पुण्याला दाखवायचाय."

साळुबाईचं हसणं थांबलं. "माझा नगं, बाई. नातीची सोयरीक चाललीय. पुन्याला पोराकडचे हाईत. लंगडी आजी हाय म्हनत्याल."

"लंगडी कुठंय तू आता?"

"फोटूत कळतंय व्हय? नगं. वॉकरचा घ्या की. त्यो लई गुनाचा हाय."

कस्तुरबाईनं पातळं बाजूला करून वॉकरचा फोटो घेतला.

अशी ती पावसाळाभर हिंडली. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा मॅडम आल्या. कस्तुरबाईनं फोटो ओळीनं लावून ठेवले होते. मॅडम एकेक बघत गेल्या. खाट. खुर्ची. वॉकर. खिडकीतून दिसणारा खाटेचा पायथा. गोठ्यात टांगलेली गादी.

"काकू, माणूस कुठंय?"

"माणूस न्हाई देत कुणी."

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. "मग मी वर काय दाखवू? हे सगळं फर्निचर आहे." त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

कस्तुरबाई पडद्याकडं बघत होती. कॅमेरा जवळ धरायची तिची सवय, त्यामुळं गादी सोडली तर प्रत्येक फोटोत पत्र्यावरची ओळ स्पष्ट आली होती. इंदरचंद. पुढच्या फोटोत इंदरचंद. त्याच्या पुढच्यातही. तिनं माइक पुढं ओढला. मॅडमनी बटण दाबलं.

"हे आमचे शेठ," कस्तुरबाई म्हणाली. "जिवंत होते तवर गादी सोडली न्हाई. लग्नाची वरात बी चार घरं लांब आली, मी ह्याच आळीतली. आता हे खोडदला असतात. साळुबाईनं ह्यांना धरून पाय टाकला. आता ती पळती आणि ह्यांच्या अंगावर धुणं वाळत घालती. शेठना खपलं नसतं, पण बोलणार कुणाला? हे घोडेगावला एका मास्तरांना बसतं करतात. मास्तर चिडतात, हे ऐकून घेतात. आण्याला मला दार उघडलं न्हाई. हे मात्र आतच होते, खिडकीतून दिसले. म्हाताऱ्याला उशाकडून वर उचलून धरलं होतं." ती थांबली. मागं आळीतून एक मोटारसायकल गेली, तो आवाजही सीडीत तसाच आहे. "मला कुणी आत घेत न्हाई. ह्यांना घेतात. कोण बरं झालं, कोण न्हाई, ह्यांनाच ठावं. मला येऊन कोण सांगणार? पण वस्तू परत आली की मी ती पुसती, तेव्हा वाटतं, जाऊन आले वाटतं."

मॅडमनी पुन्हा रेकॉर्ड करू या असं म्हटलं नाही. सीडी पुण्याला गेली.

तिथं एका कंपनीच्या सभागृहात ती दाखवली. मॅडमनी बोलावलं म्हणून प्रितमही आला होता, मागच्या रांगेत बसला होता. मॅडमनी नंतर सांगितलं, की दिवे लागल्यावर एक साहेब उठून म्हणाले, माझ्या वडिलांची खाट माळ्यावर पडून आहे, ती त्या बाईंना चालेल का? मागोमाग आणखी तिघं उठले. संस्थेनं खोलीसाठी एक माणूस पगारावर द्यायचं ठरवलं. प्रितम मात्र पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला होता.

दिवाळीत तो आला तेव्हा मोबाईलवाल्याचा विषय त्यानं काढलाच नाही. पण गाडी रिकामी करून आणली होती. खोली तर राहिलीच होती, सांभाळायला माणूसही मिळाला होता. आता आईला अडून बसायला कारण काय? आळीचं मत तेच, आणि माझंही. पाडव्याला सकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा प्रितमदादा तिची ट्रंक डिकीत ठेवत होता.

"काकी, आज तुम्ही जाणार," मी म्हटलं. "पैज लावते."

"लाव. हरलीस तर काय देशील?"

"तुम्ही मागाल ते."

तिनं करंजी मोडली, अर्धी मला दिली. "लोकांच्या नकला करत हिंडतीस म्हणं. हरलीस तर रोज दिवस मावळायच्या आत माझ्याकडं यायचं. बहिरू, त्याची बायको, साळुबाई, मॅडम, सगळ्यांची बोलणी करून दाखवायची. मी सांगीन कोण काय म्हणालं ते."

मी कबूल झाले. ट्रंक डिकीत गेलेली मला दिसत होती.

प्रितमदादानं गाडीचं दार उघडून धरलं. कस्तुरबाई पायरीवर उभी राहिली. "तुझ्याकडं दार वाजलं तर कुरिअरवाला असतो," ती म्हणाली. "इथं जो येतो तो मलाच शोधत येतो. बसत न्हाई, मान्य आहे." त्यानं तिच्या मागं खोलीत लावून ठेवलेल्या खाटांकडं बघितलं. मग गाडीचं दार लावलं, डिकी उघडली आणि ट्रंक परत आत नेऊन ठेवली. ती त्याला 'नीट जा' म्हणाली. गाडी वळणापर्यंत गेली तरी ती पायरीवरून हलली नाही.

त्या संध्याकाळी उजेड होता तेव्हाच मी गेले. ती दारात खुर्ची टाकून बसली होती, दुसरी खुर्ची समोर. "बस," म्हणाली. "आधी बहिरूच्या बायकोचं कर."