साठात एक

कापडाच्या त्या गिरणीत साठ माग होते आणि सतरावा तिचा. तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी तर तिनेच, म्हणून सगळ्या तिला गाठवाली म्हणत. बावीस वर्षं तिने याच मागावर काढली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातांवर.

चार महिन्यांपूर्वी नियम निघाला: एका पाळीत नऊ किंवा जास्त धागे तुटले की तक्त्यावर तांबडी खूण, महिन्यात तीन खुणा झाल्या की कायमचं घरी. आज तिचे दहा तुटले.

"धाग्यांनी काडीमोडच घ्यायचं ठरवलंय वाटतं!" शेजारच्या मागावरची हसली. मग तिचं लक्ष तक्त्याकडे गेलं. तिसरी खूण होती.

घरी भाचीने कागद पुढे ओढला. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती.

"आत्या, पाळीला सरासरी किती तुटतात?"

"चार."

"पण धागा काही घड्याळ बघून तुटत नाही. कधी एक, कधी सात. याचं गणित आहे, पॉयसाँ नावाच्या माणसाचं. शंभरातल्या दोन पाळ्यांत नऊ किंवा जास्त तुटणारच, माग कुणाचाही असो. म्हणजे साठ जणींत महिन्याला एखादीच्या तीन खुणा भरणार. हात कितीही चांगला असू दे. आतापर्यंत किती जणींना काढलं?"

"महिन्याला एक. चार."

"बघ! आकड्यांना कोण नाही म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या साहेबांनी भाचीच्या हिशेबाचा कागद दोनदा वाचला. "पोरगी हुशार आहे, बाई. अगदी बरोबर आहे हे."

गाठवालीच्या जिवात जीव आला. "मग मी राहते ना, साहेब?"

"वरच्यांना माणसं कमीच करायची आहेत हो. मला आपलं वाटायचं, आपण एकेकीला नालायक ठरवतोय. झोप लागायची नाही." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "आता कळलं, यात कुणाचाच दोष नाही."

"साहेब, झाडू मारते. काहीही द्या. पाया पडते तुमच्या."

साहेबांनी खाली बघत तिचा हजेरीचा बिल्ला मागून घेतला.

ती घराच्या दारात पोचली तशी भाची धावत आली. "काय म्हणाले?"

"बरोबर आहे म्हणाले."

भाचीने टाळीच वाजवली. "आतोबा, ऐकलंत का!" म्हणत ती आतल्या खोलीत पळाली. गाठवाली उंबऱ्यावरच बसली. चपला काढायचंही तिच्याने होईना.