सुई ओवायची राहिली

पाडव्याच्या सकाळी नव्या वहीत वर 'श्री' काढून मी वर्षभराच्या इच्छा लिहीत बसले होते. शेजारी आई गुढीसाठी झेंडूचा हार करायला बसली. "एवढी सुई ओवून दे गं," ती म्हणाली. "थांब ना, एवढं वाक्य होऊ दे."

मान वर केली, तर ती खिडकीच्या उजेडात सुई धरून दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करत होती. दर वेळी दोरा नेढ्याच्या बाजूनेच निसटत होता. पुढचं वर्ष इतकं स्पष्ट दिसतं आणि शेजारचं माणूस दिसत नाही, हे कसले डोळे? ओशाळून मी हात पुढे केला. "राहू दे, तुझं होऊ दे सावकाश," ती म्हणाली.

माझं झालं होतं. शाई अजून ओली होती: 'यंदा आईला वेळ द्यायचा.'