श्वास उष्टा होत नाही

इन्चार्ज बाईंच्या पांढऱ्या साडीवर गुडघ्यांच्या जागी कायम दोन मळकट गोल असत. बाकीच्या सिस्टरांच्या साड्या कडक इस्त्रीच्या, आणि यांची सकाळी दहालाच मळलेली. दिवसातून चारदा तरी त्या कुठंही गुडघे टेकून बसत आणि जो सापडेल त्याला हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते दाखवत. कँटीनमध्ये, लिफ्टपाशी, एकदा तर औषधांच्या खिडकीसमोर. लोक हसत. "हसू दे," बाई म्हणत, "हसलेलं ध्यानात राहतं."

हैदराबादच्या कोठी भागातल्या एका खासगी इस्पितळात मी नर्स म्हणून नवीन लागले होते. शहरात तेव्हा मोठमोठी इस्पितळं उघडत होती, बाहेरच्या देशातली यंत्रं सहज मिळू लागली होती, आणि आमच्या मालकांना आपण मागं पडू नये असं वाटत होतं. त्या हौसेत एक बाहुली आली. रबरी, गोरी, सोनेरी केसांची. तिची छाती दाबायची आणि तोंडाला तोंड लावून तिला श्वास द्यायचा. त्याआधी बाई बेगम बाजारातून आणलेल्या कापसाच्या लोडावर शिकवत. लोडाला तोंड नव्हतं, त्यामुळे कुणाची अडचणही नव्हती.

बाईंचा हट्ट असा, की शिकायचं सगळ्यांनी. झाडूवाले, लिफ्टवाला, कँटीनचा आचारी, सगळ्यांनी. सुपरिंटेंडेंट साहेबांना ते मुळीच पटत नव्हतं. डॉक्टर आल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, माणूस पडतो तेव्हा डॉक्टर वर असतात. खाली झाडू मारणारा असतो." साहेबांनी बराच वेळ पेपर चाळला आणि शेवटी आठवड्यातून एक तास दिला.

पहिल्या वर्गाला बाईंनी बाहुलीचं तोंड स्पिरिटनं पुसलं, स्वतः दोन श्वास दिले, पुन्हा पुसलं आणि म्हणाल्या, "चला." एक सिस्टर म्हणाली, माझा सोमवार आहे. दुसरीचा गुरुवार निघाला. त्या दिवशी मंगळवार होता. लिफ्टवाला खाजाभाई तेवढा खरं बोलला. "सबका मूँ लगा ना अम्मा, जूठा हो गया."

"जूठा खाना रैता, खाजाभाई. साँस जूठी नै होती," बाई म्हणाल्या. श्वास उष्टा होत नाही. खाजाभाईंनी "हौ" म्हणून मान डोलावली आणि श्वास दिला.

पण काहींचं अडत होतं ते निराळ्या ठिकाणी. बाई नांदेडकडच्या, चौदा एप्रिलची रजा कधी न सोडणाऱ्या. कोण कुठला हे इस्पितळात कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक असे. त्यांच्यामागून तोंड लावायला दोन-तीन जणी स्पिरिटनंतरही तयार नव्हत्या. पुढच्या वर्गापासून बाई सगळ्यांच्या शेवटी श्वास देऊ लागल्या.

आता माझं सांगते. आम्ही हैदराबादेतल्याच नारायणगुड्यातले. आजोबांनी बीडकडची शेती भावाकडे सोपवून शहर धरलं, वडील बँकेत लागले, पण घरातलं उष्टं-खरकटं गावाहून जसंच्या तसं आलं होतं. तांब्याला ओठ लागला की तांब्या घासायला जायचा. मी शिकले-सवरलेली, असलं काही मानत नाही असं मैत्रिणींना सांगायची. बाहुलीवर वाकले तेव्हा ओठांत आणि रबरात बोटभर जागा ठेवून फुंकर घातली. बाहुलीची छाती हललीसुद्धा नाही. बाईंनी ते पाहिलं. "पुढच्या टायमाला," त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली. सबंध इस्पितळात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दुपारच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्या माझ्यासाठी आणत, आणि मी ती खातही असे. चटणी चालत होती, याचं मला आजही नवल वाटतं.

तो पुढचा टाईम आला नाही. पावसाळा संपताना एका सकाळी एक्स-रेच्या खोलीमागं सायलू कोसळला. सायलू आमचा सफाई कामगार. त्याची बायको लक्ष्मम्मा डबा द्यायला आलेली, तिच्यासमोरच पडला. सर्वांत आधी मी पोचले. नाडी नव्हती. मी गुडघे टेकून छाती दाबायला लागले. हाताला बळ होतं आणि दाब बरोबर पडत होता. श्वास द्यायची पिशवी त्या मजल्यावर नव्हती. पंधरा दाब झाले. आता दोन श्वास द्यायचे, तोंडाला तोंड लावून.

मी लावलं नाही. त्याच्या ओठांवर फेस होता, पण फेस नसता तरी मी लावलं नसतं. मी दाबतच राहिले, मोठ्यानं आकडे मोजत, म्हणजे काहीतरी चाललंय असं बघणाऱ्यांना वाटावं. बाई दुसऱ्या मजल्यावरून धावत आल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि श्वास दिला. मग डॉक्टर आले, यंत्र आलं. अर्ध्या तासानं सगळे थांबले.

लक्ष्मम्मानं माझे दोन्ही हात धरले. "तुम बहोत मेहनत किए अम्मा," ती रडत म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ड्यूटीरूममध्ये त्यांनी दार लावलं. "तोंड कामून लावलं नाहीस?"

"पिशवीची वाट बघत होते."

"पोरी, मला नको सांगू. कुणी कुणाला शिवायचं नाही, हे मी तुझ्याहून लई आधी शिकलेली आहे." मग त्यांनी वर्गाची यादी काढून माझ्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवलं. "तुला पास मी केलं. मराठी बोलणारी पोरगी म्हणून. दुसरी कुणी असती तर छाती हलेपर्यंत उठू दिलं नसतं."

त्यानंतर दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या मला बाहुलीपुढं बसवत. आधी त्या श्वास देत, मग मी. पहिल्यांदा बाहुलीची छाती वर आली तेव्हा मला शरमेनं रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडायला श्वास खर्च करू नको. अजून एकोणीस."

दोन वर्षांनी बाईंची निवृत्ती आली. जाण्याआधी त्यांनी वर्ग माझ्याकडे दिला आणि माझ्या पहिल्या तुकडीची यादी हातात ठेवली. यादीत लक्ष्मम्माचं नाव होतं. तिला नवऱ्याच्या जागेवर घेतलं होतं, त्याचाच झाडू घेऊन ती त्याच मजल्यावर काम करायची. मी म्हटलं, "बाई, हिला तुम्ही शिकवा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"होईल."

"तिला सांगू का?"

"ते तुझं तू बघ. पण लपवून शिकवशील तर दुसऱ्याचं कुठं अडतंय ते तुला दिसायचं नाही. मला तुझं दिसत होतं, तरी मी डोळे झाकले. त्याचं काय झालं, बघितलंस."

बाई नंतर नांदेडला गेल्या आणि चार वर्षांनी तिथंच वारल्या. मला कळलं तेव्हा तेरावा दिवस उलटून गेला होता. एवढ्या वर्षांत शेकडो माणसांना मी शिकवलं. त्यातली थोडीच कुणाच्या कामी आली असतील, कारण थांबलेलं हृदय पुन्हा सुरू होणं सोपं नाही, आणि हेही मी बाईंसारखंच पहिल्या दिवशी सांगून टाकते. पण बाई म्हटलं की मला तो माझा पहिला वर्ग आठवतो.

बाई मागच्या भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. लक्ष्मम्मा पुढं, मांडीवर हात ठेवून. मोडक्यातोडक्या तेलुगूत मी सगळं सांगितलं. सायलूची छाती दाबली, श्वास दिला नाही, का दिला नाही. तोंड वळवून बाईंकडे बघावं असं फार वाटलं, पण बघितलं नाही.

लक्ष्मम्मानं एकच विचारलं, "गाली ऊदिते ब्रतिकेवाडा?" श्वास दिला असता तर जगला असता का?

"तेलियदु," मी म्हटलं. ठाऊक नाही. याहून खरं माझ्याकडे काही नव्हतं.

तिनं पदर कमरेला खोचला, बाहुलीपाशी येऊन गुडघे टेकले आणि म्हणाली, "नेर्पम्मा."

शिकव.