मारा बॅकहँडवर!

टूरवरून कुणी ट्रॉफ्या आणतं, कुणी पैसा आणतं. मी आणि हेमंत किस्से घेऊन आलो. मी सुरतच्या एका शाळेत पीटी शिकवतो, आणि रजा टाकून हेमंतचा कोच होतो. हेमंत सुरतच्याच उधन्याचा. त्याचे वडील, नाना, खानदेशातून आलेले, कापडाच्या लूमवर काम करतात. व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आम्ही काही वर्षं काढली. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे जे घडतं ते तोंडीच सांगावं लागतं. मित्र जमले की एक सांगायला जातो, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो!

* * *

हेमंतचा बॅकहँड कच्चा. हे त्याला माहीत, मला माहीत, आणि टूरवर तर सगळ्यांनाच माहीत. तिथे खेळाडूचं नाव नंतर कळतं, त्याची दुबळी बाजू आधी.

थायलंडमध्ये समोरच्या पोराचा कोच कुंपणाच्या जाळीपाशी उभा राहून प्रत्येक पॉइंटनंतर ओरडायचा, "बॅकहँड! सगळं बॅकहँडवर!"

दुसऱ्या सेटमध्ये हेमंतचं डोकं सटकलं. तो बॅकहँडच्या कोपऱ्यातच जाऊन उभा राहिला आणि तिकडे येणारा प्रत्येक चेंडू वळसा घालून फोरहँडनं हाणायला लागला. अर्धं कोर्ट मोकळं! पण समोरचा पोरगा इतका आज्ञाधारक, की मोकळ्या बाजूला मारायचं त्याला सुचेचना. कोचला जाग येईपर्यंत मॅच गेली होती.

हात मिळवायला गेल्यावर कोचनं चिडून विचारलं, "तुझा बॅकहँड आहे तरी कुठे?"

"उधन्याला," हेमंत म्हणाला. "सगळ्यांसाठी आणत नाही!"

* * *

वाइल्ड कार्ड म्हणजे क्वालिफाइंग न खेळता मिळणारी थेट एंट्री. ती चांगल्या पोराला मिळावी असं कागदावर असतं. एका स्पर्धेत ती स्पॉन्सरच्या पुतण्याला मिळाली. हेमंत पायाला फोड आणून क्वालिफाइंगमधून वर आला, आणि पहिल्याच फेरीत गाठ पडली ती या पुतण्याशी.

सकाळी आयोजक आमच्याकडे आले. "जरा दमानं खेळ रे. काका अकराला येणार आहेत, फोटो काढायचेत. धंदा असतो, समजून घे."

"समजलो सर," हेमंत म्हणाला.

काका वेळेवर आले, हार-गुच्छ, फोटोग्राफर, सगळा लवाजमा घेऊन. तोपर्यंत हेमंतची आंघोळसुद्धा झाली होती!

* * *

आम्हाला मिळालेला एकमेव स्पॉन्सर म्हणजे सुरतचा एक साडीवाला शेठ. भला माणूस. भेटला की एकच प्रश्न, "दीकरा, टीव्ही पर क्यारे आवीश?" टीव्हीवर कधी दिसणार?

त्याच्या दुकानाचं चिन्ह, पदर घेतलेली बाई, हेमंतच्या शर्टावर छातीभर. एका परदेशी खेळाडूनं लॉकर रूममध्ये ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही तुमची टेनिस फेडरेशन का?"

हेमंतनं शर्ट झटकला, अंगात घातला.

"हो. हीच!"

* * *

एकदा हॉटेलच्या लॉबीत एक सूटवाला भेटला. फार गोड बोलला. मग हळूच म्हणाला, "उद्याचा फक्त पहिला सेट सोड. नंतर मॅच खुशाल जिंक. तशी तुझी दुसरी सर्व्हिस पाहता सेट जाणारच आहे, मग फुकट का घालवतोस?"

हेमंत उठला. "हरायचं काम मी फुकटच करतो. विकत नाही!"

आम्ही लगेच टूरच्या अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी झालं काय, पहिला सेट खरोखरच गेला! दुसरी सर्व्हिस सारखी जाळीत. हेमंत खुर्चीत येऊन बसला. "सर, लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "बाकीचे दोन घे."

घेतले. हरायच्या भीतीनं नव्हे, अब्रूच्या भीतीनं खेळलेला तो एकच सामना मी पाहिला.

* * *

आणि हा आमच्या सुरतचा.

खांद्याच्या दुखण्यानंतर हेमंतचं रँकिंग पार घसरलं होतं. त्याच्या मामांनी जवळच्याच हजीऱ्याच्या एका कंपनीत त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. अशात घरच्याच कोर्टवर स्पर्धा आली. नाना पहिल्यांदाच मॅच पाहायला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मामा.

जन्मभर लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. नाना कुजबुजले, तरी ते बाहेर रिक्षा स्टँडवर ऐकू जातं.

तिसरा सेट. मॅच पॉइंट समोरच्याचा. सगळीकडे शांतता. मामा नानांच्या कानाशी लागले, "हा हरला, की सोमवारी हजीऱ्याला जॉइन करू दे."

नाना अहिराणीत कुजबुजले, "हारना तरी तो कोठेच जावाव नही!" हरला तरी कुठेच जाणार नाही.

अख्खं कोर्ट वळलं. अंपायर माइकवर म्हणाले, "क्वाएट प्लीज." हेमंतनं मान खाली घातली, खांदे हलत होते. हसत होता का रडत होता, मला दिसलं नाही. मग त्यानं सर्व्हिस केली, आणि चेंडू आला तो बॅकहँडवरच. या वेळी त्यानं वळसा घातला नाही. बॅकहँडनंच मारला, सणसणीत.

बोटभर बाहेर.

मॅच संपली. शेजारच्या कोर्टवर दुसरी चालू होती. हेमंत बॅग उचलून आमच्याकडे आला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "मग? सोमवारी?"

नाना उभे राहिले.

"सोमवारले त्यानी प्रॅक्टिस शे!"

शेजारच्या कोर्टवरून आवाज आला, "क्वाएट प्लीज!"