टेबलाखालचे हीटर

पनामातल्या त्या कचेरीला वीज किती लागेल, याचं मॉडेल इंजिनिअर एनेइदानं संगणकावर बनवलं. पण मीटर दर महिन्याला तिला खोटं पाडायचा. शेवटी तिनं वाकून पाहिलं, तर एसीनं काकडलेल्या बायकांनी टेबलाखाली हीटर लपवलेले!

"तुझ्या मॉडेलला थंडी वाजत नाही ना, बाई!" रिसेप्शनवरची युदिका म्हणाली.

एनेइदानं साहेबांना विनवलं, "एसी जरा कमी करू या, दोन्हीकडची वीज वाचेल."

लोकरी सुटातले एबेलार्दोसाहेब खेकसले, "घाम फुटतो ती कचेरी भिकाऱ्याची, इंजिनिअरबाई! गिऱ्हाईक दारातूनच परत फिरेल. हीटर काढा."

हीटर गेले. मॉडेल मीटरशी तंतोतंत जुळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर एनेइदाची पाठ थोपटली. बायकांनी टाळ्याही वाजवल्या; पण हातात लोकरी हातमोजे, आवाज कुठून येणार?