पळसफुलाचे दोन मार्क

"भट्टीतल्या लोखंडाचे तापमान कसे ओळखाल?" आठवीच्या चाचणीत हा दोन मार्कांचा प्रश्न मीच काढला होता. उत्तर सरळ होतं: तापमापक यंत्रानं. एका मुलीनं लिहिलं, "रंग बघून. पळसाच्या फुलासारखा झाला की पाण्यात बुडवायचं." मी लाल पेनानं फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'इथे कविता नको.' खोचक शेरे लिहायची मला भारी हौस. तो शेरा वाचून पोरं खिदळली आणि मुळातच अबोल असलेली ती मुलगी पार मिटून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई पेपर घेऊन शाळेत हजर. नवरा चाकणला कंपनीत, आणि सासऱ्याचं लोहारकाम ही चऱ्होलीच्या रस्त्याकडेला चालवते. "मॅडम, रंग न्हाई तर काय बघायचं?"

चुकले की मी चिडते. तशीच चिडून म्हणाले, "मग दाखवा वर्गाला करून!"

शनिवारी ती भाता, ऐरण, कोळसा आणि दोन कच्चे विळे घेऊन आली. मी मोठ्या उत्साहानं मैदानाच्या मधोमध जागा आखून ठेवली होती. ती हसलीच. "उन्हात लोखंड खोटं बोलतंय मॅडम. सावली पायजे." मग सायकलींच्या शेडला ताडपत्री बांधून आम्ही अंधार केला.

पहिल्या विळ्याचा मान तिनं मला दिला. "तुमी सांगा कवा."

जरा लाल दिसताच मी ओरडले, "आत्ता!" विळा पाण्यात चर्र झाला. पातं कडक झालं का बघायला तिनं कानस फिरवली, तर ते खरवडून निघालं. विळा मऊच राहिला होता. पोरं पोट धरून हसली, आणि ते रास्तच होतं.

दुसरा विळा तिनं लेकीवर सोपवला. लेक भाता मारत होती. रंग चढू लागला तशी पोरं ओरडायला लागली, "आता! आता!" माझा जीव टांगणीला. ही आज चुकली तर वर्गात पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि दोष माझा.

ती हलली नाही. "थांब आई, अजून." मग एकदम, "घाल!"

कानस पात्यावरून नुसती घसरली. साधा ओरखडा नाही.

पोरांनी शेड डोक्यावर घेतली. आई कौतुकात न पडता निखारे विझवायला लागली. मुलगी काळ्या हातांनी थेट माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, माझे दोन मार्क?"

इतक्या हक्कानं माझ्याकडे कुणी कधी मार्क मागितले नव्हते. मला आनंदानं रडूच आलं. मार्क दिले आणि सगळ्या वर्गादेखत तिला सॉरी म्हटलं.

तिनं जरा विचार केला. "तुम्ही रविवारी रंग ओळखायला आमच्याकडे येत जा मॅडम. जमेल तुम्हालाही."